स्टेपर काढून डेल्टाचा सर्वो बसवला, आठ महिने झाले

आमचं काम म्हणजे एमडीएफच्या जाळ्या, देव्हाऱ्याच्या कमानी वगैरे. चार बाय चार फुटांचा राउटर (कॉम्प्युटरवर चालणारं कापायचं मशीन), १० एमएम लीडचा बॉलस्क्रू (एका फेऱ्याला १० एमएम सरकवणारा), आणि त्यावर आधी स्टेपर होत्या, म्हणजे स्टेप-स्टेपने फिरणाऱ्या, पण खरंच फिरलो का ते न तपासणाऱ्या मोटर. स्टेपरचा वैताग ज्याने जाळी कापलीय त्यालाच कळेल, तीन तासांचं काम असतं, अडीच तासांनी टूल कुठंतरी अडकतं, मोटर चार-दोन स्टेप खाते आणि मशीनला पत्ताच नाही, ते आपलं पुढं कापत बसतं आणि शेवटी महिरपीचं एक टोक दुसऱ्याला भेटतच नाही. शीट भंगारात.

म्हणून डेल्टा कंपनीचे एएसडीए-बी२ ड्राइव्ह (मोटरला चालवणारे डबे) आणि सर्वो, म्हणजे आपली जागा तपासत फिरणाऱ्या मोटर घेतल्या, आडव्या सरकणाऱ्या एक्स-वायला ७५० वॉट, वर-खाली होणाऱ्या झेडला ४०० वॉट. स्टेपरपेक्षा बरेच महाग पडले. ७५० ची मोटर ३००० आरपीएमची, टॉर्क २.३९ न्यूटन-मीटर आणि थोड्या वेळापुरता त्याच्या तिप्पट देते. सिंगल फेजवर चालते हे आमच्यासारख्या छोट्या शेडला फार बरं.

डिजिटल म्हणजे काय तर जुन्या ॲनालॉग ड्राइव्हसारखं स्क्रूड्रायव्हरने पॉट (सेटिंगची खुंटी) फिरवत बसायचं नाही, करंट, स्पीड आणि पोझिशन तिन्हीचा हिशोब आतला प्रोसेसर करतो आणि सेटिंग पॅरामीटरमध्ये नंबर टाकून होतं. मोटरच्या मागे एन्कोडर असतो, एका फेऱ्यात १,६०,००० काउंट देतो, त्यामुळे मोटर खरंच कुठे आहे ते ड्राइव्हला माहीत असतं. अडकलं आणि फरक फार वाढला की एएल००९ हा अलार्म दाखवून थांबते. चुकीचं कापत बसत नाही, मला तेवढंच हवं होतं.

आता गंमत. पहिल्या दिवशी मोटर गोगलगायीसारखी फिरली, ऑपरेटर म्हणाला शेठ मोटर बाद निघाली. बाद वगैरे काही नव्हती. कंट्रोलर ड्राइव्हला 'एवढं सरक' हे पल्स, म्हणजे विजेचे ठोके पाठवून सांगतो. कंपनी सेटिंगला एका फेऱ्याला १,००,००० पल्स लागतात आणि आमचं कंट्रोलर कार्ड सेकंदाला जास्तीत जास्त एक लाख पल्स देतं, म्हणजे सेकंदाला एक फेरा, ६० आरपीएम झाले! एका पल्सला किती काउंट फिरायचं ते ठरवणारे दोन पॅरामीटर आहेत, पी१-४४ ला ४० आणि पी१-४५ ला १ टाकलं, फेऱ्याला ४००० पल्स झाले, १५०० आरपीएम मिळाले, मिनिटाला १५ मीटर. एका पल्सला अडीच मायक्रॉन, लाकडाला याहून बारीक काय करायचंय. ३००० वर नेता आलं असतं पण एवढा लांब स्क्रू त्या स्पीडला फडफडतो, तो मोटरचा दोष नाही. घ्यायच्या आधी हा गुणाकार कागदावर करा, डीलर करून देत नाही.

ट्युनिंग ऑटोवर ठेवलं तरी चालतं. मी शहाणपणा करून पी२-३१ (मोटर किती चपळ वागेल तो पॅरामीटर) वाढवत गेलो तर एक्स गुणगुणायला लागला, शोधता शोधता मोटर आणि बॉलस्क्रू जोडणाऱ्या कपलिंगचा छोटा ग्रब स्क्रू ढिला निघाला. स्टेपरवर ते कधी कळलंच नव्हतं.

दुसरी चूक पण माझीच. पल्सची वायर स्पिंडलच्या (टूल फिरवणारी मोटर) व्हीएफडीच्या, म्हणजे तिचा स्पीड बदलणाऱ्या डब्याच्या केबलबरोबर एकाच ट्रेमधून नेली. दोन तासांत दोन एमएम सरकायचं आणि अलार्म काही नाही. डोकं फिरलं. मग उजेड पडला, नॉइजमुळे जास्तीच्या पल्स आल्या तर ड्राइव्ह त्याला हुकूमच समजतो आणि इमानदारीत तेवढा फिरतो, एन्कोडर बिचारा काय पकडणार. ट्रे वेगळा केला, शील्डची केबल टाकली, शील्ड अर्थ केली, बंद झालं.

मोटर-ड्राइव्हबद्दल तक्रार नाही, पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो कीपॅडचा, पाच बटणांवर पॅरामीटर शोधता शोधता अंगठा दुखतो, लॅपटॉपला सीरियल केबल लावून सॉफ्टवेअरमधून केलं तर सुख आहे.

डीलरला मात्र एक स्टार. झेडला ब्रेकवाली मोटर लागते हे मी तीनदा बोललो होतो, याने बिनब्रेकची पाठवली. पॉवर गेली की स्पिंडल सावकाश खाली बसतो. बदलून देतो, पुढच्या आठवड्यात येईल, असं दिवाळीपासून चाललंय. तोवर रोज संध्याकाळी पॅनल बंद करायच्या आधी झेडखाली सागाचा ठोकळा ठेवतो, त्यावर ऑपरेटरने मार्करने 'ब्रेक' लिहिलंय.