मढ-भाटीच्या खाडीकाठचे फायबर वर्कशॉप : ट्रान्समच्या दुरुस्तीचा अनुभव

फायबरच्या बोटीचा ट्रान्सम, म्हणजे आउटबोर्ड मशीन ज्या मागच्या उभ्या भिंतीवर बसते तो भाग, खराब झाला की मुंबईत तो दुरुस्त करून देतो म्हणणारे पुष्कळ भेटतात. मात्र आत काय झाले आहे हे आधी शोधून मगच कामाला हात घालणारे फार थोडे आहेत. वर्सोवा कोळीवाड्यातील आमच्या घरच्या बोटीच्या निमित्ताने असे एक वर्कशॉप आम्हाला मिळाले. वर्सोव्याच्या जेटीवरून तरीने खाडी ओलांडून मढला उतरावे आणि तेथून भाटीच्या बाजूला जावे. शेडवर पाटी नाही, परंतु ‘फायबरवाले काका’ म्हणून विचारले की गावातील कोणीही वाट दाखवतो. ज्यांची बोट त्याच अवस्थेत आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून तेथील कामाबद्दल सविस्तर लिहीत आहे.

आमची बोट साधारण 7 मीटर लांबीची असून तिच्यावर 40 हॉर्सपॉवरचे टू-स्ट्रोक मशीन आहे. मशीन बसवण्यासाठी ट्रान्समला वरून जो खाच दिलेला असतो, त्याच्या दोन्ही कोपऱ्यांतून जेलकोटला, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत बाहेरच्या थराला, केसासारख्या बारीक चिरा पडू लागल्या होत्या. मशीन वर उचलून त्याचा खालचा भाग हाताने दाबला की ट्रान्समची वरची कड डोळ्यांना दिसेल इतकी हलत असे. आणि बोट किनाऱ्यावर ओढून ठेवल्यानंतरही खालच्या बोल्टांमधून तपकिरी पाणी झिरपत राही. या तीन खुणा एकत्र दिसल्या की दोष वरच्या कवचात नसून आतल्या लाकडात आहे असे समजावे. बहुतेक फायबर बोटींचा ट्रान्सम हा फायबरच्या दोन कवचांमध्ये प्लायवूड घालून बनवलेला असतो. मशीनच्या बोल्टांची भोके, तळाच्या बुचाचे भोक, मागाहून कोणी मारलेला एखादा स्क्रू, अशा वाटांनी पाणी त्या प्लायपर्यंत पोहोचते आणि एकदा आत गेले की दोन्ही बाजूंना फायबर असल्यामुळे त्याला सुकायला जागाच राहत नाही. बाहेरून बोट चकचकीत दिसते आणि आत लाकूड कुजत जाते.

हे दुखणे अंगावर काढण्यासारखे नाही. या क्षमतेच्या टू-स्ट्रोक मशीनचे वजन साधारण 70 ते 80 किलो असते, आणि पंख्याचा, म्हणजे प्रोपेलरचा, जोर खाली, पाण्याच्या पातळीच्याही खाली लागतो. त्यामुळे बोट पुढे धावत असताना मशीन ज्यावर बसते त्या ब्रॅकेटचा खालचा भाग ट्रान्समला पुढे ढकलतो, तर वरचे बोल्ट ट्रान्समची वरची कड मागे खेचत असतात. लाटेवर बोट आपटली की ही ओढाताण कित्येक पटींनी वाढते. प्लाय शाबूत असेल तर हा सगळा भार रुंदीभर वाटला जातो. प्लाय कुजलेले असेल तर तो केवळ काही मिलिमीटर जाडीच्या फायबरवर येतो. भर समुद्रात ट्रान्सम सुटला तर मशीन तर जातेच, शिवाय त्या खिंडारातून बोटीत पाणी भरते आणि बोटीवरच्या माणसांच्या जिवावर बेतते.

भाटीला जाण्यापूर्वी आम्ही इतर ठिकाणी चौकशी केली होती. एका ठिकाणी बोट न पाहता फोनवरच्या फोटोंवरून रक्कम सांगण्यात आली. दुसऱ्या ठिकाणी माणूस बोटीपर्यंत आला, चिरा पाहिल्या आणि ‘बाहेरून मॅटचे (काचेच्या सुट्या धाग्यांच्या चादरीचे) तीन थर मारून वर जेलकोट देतो, दोन दिवसांत बोट पाण्यात’ असे म्हणाला. ही दुरुस्ती स्वस्त असते, लवकर होते आणि दिसायलाही छान दिसते. पण कुजलेल्या प्लायवर बाहेरून कितीही थर चढवले तरी आतील पाणी आतच राहते, आणि चिरा नव्या थरातून पुन्हा वर येईपर्यंत मालक निर्धास्त असतो. माझ्या मते धोक्याच्या दृष्टीने ही दुरुस्ती मुळीच दुरुस्ती न करण्यापेक्षाही वाईट आहे, कारण ती खुणा पुसून टाकते.

भाटीच्या काकांनी आकडा सांगायला नकार दिला, आणि तेथूनच आमचा विश्वास बसू लागला. ‘उघडल्याशिवाय मी रक्कम सांगणार नाही, आणि उघडताना तुमच्यापैकी कोणीतरी इथे हजर पाहिजे,’ हे त्यांचे पहिले वाक्य होते. त्यांनी प्रथम प्लास्टिकच्या हातोडीने ट्रान्सम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोकून पाहिला. जेथे आवाज टणक येत होता तेथे काही केले नाही. जेथे तो बोदा झाला तेथे पेन्सिलीने रेघ मारत गेले, आणि थोड्याच वेळात बुचाच्या भोकापासून मशीनच्या डाव्या बोल्टांपर्यंत एक मोठा आकार उमटला. मग त्या आकाराच्या आत, कडेवर आणि बाहेर अशा निरनिराळ्या जागी आतल्या बाजूने बारीक ड्रिल मारून प्रत्येक भोकातून निघालेला भुसा त्यांनी वर्तमानपत्राच्या तुकड्यावर वेगवेगळा ठेवला. रेघेबाहेरचा भुसा फिकट, कोरडा आणि फुंकरीने उडणारा होता. आतला काळसर, ओला, चहाच्या चोथ्यासारखा बोटाला चिकटणारा निघाला. यंत्राने काढलेला कोणताही अहवाल मला याहून अधिक पटला नसता. ड्रिल आरपार न जाऊ देता बाहेरच्या कवचाच्या अलीकडे थांबवण्यासाठी त्यांनी त्याच्या पात्याला चिकटपट्टी गुंडाळून खूण केली होती, हेही येथे नोंदवतो.

त्यानंतर दोन भागांत लेखी अंदाज मिळाला. पहिला भाग मशीन उतरवणे, आतले कवच कापणे आणि कुजलेले लाकूड काढणे एवढ्यापुरता ठरावीक रकमेचा होता. दुसरा भाग नव्या प्लायचा आणि फायबरचा होता, आणि आतल्या लांब पट्ट्या, ज्यांना स्ट्रिंगर म्हणतात, त्याही कुजलेल्या निघाल्या तर तो किती वाढेल तेही त्यात लिहिले होते. एकूण रक्कम बाहेरून थर मारणाऱ्याच्या दुपटीहून जास्त झाली. आकडा येथे देत नाही, कारण तो बोटीच्या रुंदीवर, प्लायच्या जाडीवर आणि त्या वेळच्या रेझिनच्या, म्हणजे काचेच्या धाग्यांना धरून कडक होणाऱ्या द्रवाच्या, भावावर अवलंबून असतो, आणि आमचा आकडा पुढे करून दुसऱ्या कोणी घासाघीस केली तर ते त्यांच्यावर अन्यायाचे होईल.

काम आतल्या बाजूने केले गेले. बाहेरचे कवच तसेच ठेवल्यामुळे बोटीचा मूळ आकार बिघडत नाही आणि नवे प्लाय बसवायला तयार साचा मिळतो. आतले कवच कापून बाजूला घेतल्यावर डाव्या खालच्या कोपऱ्यातील लाकूड हातानेच उपसून काढता आले. बुचाच्या भोकात प्लायची कड उघडीच होती. तिला कधी कोणी रेझिनचा हातसुद्धा लावलेला नव्हता. पाण्याची मुख्य वाट तीच होती. स्ट्रिंगर सुदैवाने कोरडे निघाले आणि अंदाजातील ती वाढीव रक्कम लागली नाही, हे काकांनी आपणहून सांगितले.

प्लायबाबत एक गोष्ट प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. लाकडाच्या वखारीत ‘मरीन’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. पाहायचा असतो तो फळीवरचा आयएसआय छाप आणि त्यासोबतचा आयएस 710 हा क्रमांक; या मानकानुसार प्लायचा नमुना 72 तास उकळत्या पाण्यात ठेवूनही त्याचे थर सुटता कामा नयेत. वर्कशॉपने फळी कापण्यापूर्वी तो छाप आम्हाला दाखवला. 18 मिलिमीटरच्या दोन फळ्या एकमेकींना चिकटवून जाडी केली, आणि चिकटवण्यापूर्वी त्यांच्या सर्व कडांना पातळ इपॉक्सी रेझिनचे हात दिले, कारण प्लाय पाणी पिते ते मुख्यतः कडेतूनच.

रेझिन कोणते, यावर आमची बरीच चर्चा झाली. आपल्याकडच्या बहुतेक फायबर बोटी पॉलिएस्टर रेझिनच्या असतात आणि ते स्वस्तही असते. परंतु जुन्या, वाळलेल्या फायबरला आणि लाकडाला इपॉक्सी अधिक घट्ट धरते. म्हणून आतले सर्व काम इपॉक्सीत करायचे ठरले. इपॉक्सी वापरायची तर नेहमीची सुट्या धाग्यांची मॅट चालत नाही, कारण तिच्यातील धागे धरून ठेवणारा बाइंडर पॉलिएस्टरमधील स्टायरीन या द्रावकात विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही. त्यामुळे विणलेले आणि शिवलेले कापड वापरले गेले. जुन्या कवचाच्या कडा ग्राइंडरने तासून लांब उतार दिला. कवच 5 मिलिमीटर जाड असेल तर उतार 60 मिलिमीटरचा, म्हणजे बारास एक या प्रमाणात. नवे कापड या उतारावर पसरत गेल्याने जोड एका रेषेवर न येता रुंद पट्ट्यावर येतो आणि ताण वाटला जातो. घाईच्या कामात नेमकी हीच पायरी गाळली जाते. रेझिन आणि ते कडक करणारा हार्डनर प्रत्येक वेळी डिजिटल काट्यावर तोलूनच मिसळले जात होते. पॉलिएस्टरमध्ये ते कडक होण्यासाठी घालायचा कॅटॅलिस्ट थोडा जास्त झाला तर ते लवकर आवळते, पण इपॉक्सीत हार्डनर वाढवल्याने वेग वाढत नाही, उलट थर कायमचा मऊ राहू शकतो. शेडमध्ये कोबाल्ट (पॉलिएस्टर लवकर आवळावे म्हणून घालायचे द्रावण) आणि कॅटॅलिस्टचे डबे दोन वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवलेले होते, तेही पाहून बरे वाटले, कारण ही दोन्ही थेट एकत्र आली तर भडका उडतो.

मशीनच्या बोल्टांची भोके आधी मोठी पाडून घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरली आणि ती वाळल्यावर त्यातून पुन्हा योग्य मापाची पाडली. त्यामुळे उद्या सीलंट निकामी झाले तरी पाणी बोल्टाजवळच्या इपॉक्सीच्या कड्याला लागेल, लाकडाला नाही. बुचाच्या भोकालाही असेच कडे केले. बोल्ट 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे आम्हीच नागदेवी स्ट्रीटवरून आणून दिले. सीलंट बाथरूमचे सिलिकॉन नव्हे, तर बोटीसाठीचे पॉलियुरेथेन होते. काम सुरू करण्यापूर्वी ट्रान्समची उंची मोजून भिंतीवर लिहून ठेवली होती आणि खाच पुन्हा त्याच उंचीला कापला. लाँग शाफ्टच्या, म्हणजे लांब दांड्याच्या, मशीनला ती 20 इंच लागते. ती कमी-जास्त झाली तर पंखा हवा ओढतो किंवा मशीन नको इतके खोल बुडते.

आता न पटलेल्या गोष्टी. ठरलेल्या तारखेला बोट मिळाली नाही. मध्ये ढगाळ, दमट हवा आल्यामुळे थर वाळू देणे आवश्यक होते हे कारण योग्यच होते, पण ते आम्हाला विचारल्यावर कळले; वर्कशॉपकडून फोन आला नाही, आणि काकांना फोन लावला तर तो बहुतेक वेळा उचलला जात नाही. बाहेरच्या चिरा भरून दिलेल्या जेलकोटची छटा जुन्या पांढऱ्याहून किंचित निळसर आली आहे. मला सर्वांत जास्त खटकले ते हे की ग्राइंडर चालवणाऱ्या मुलांपैकी काहींच्या तोंडावर नुसता रुमाल होता. काचेच्या धाग्यांची भुकटी छातीत जाण्यापासून रुमाल वाचवत नाही. हे मी काकांना स्पष्ट सांगितले. त्यांनी मास्क आणून ठेवले आहेत, पण मुले ते घालतात की नाही याकडे त्यांनी स्वतः लक्ष घालायला हवे. शेडच्या पलीकडे बोंबील वाळवण्याच्या वलांडी आहेत, त्यांची काळजी मात्र ते कटाक्षाने घेतात: घासण्याचे काम दुपारचा समुद्राकडचा वारा सुटण्यापूर्वी उरकतात आणि त्या बाजूला ताडपत्री बांधतात.

तेथे बोट न्यायची असेल तर वेळ विचारपूर्वक निवडावी. 1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीच्या काळात सर्वांच्याच बोटी वर ओढलेल्या असतात आणि दुरुस्तीची गर्दी तेव्हाच होते, पण लाकूड आणि फायबर सुकवण्यासाठी तोच काळ सर्वांत प्रतिकूल असतो. रंगरंगोटी त्या दिवसांत करावी. ट्रान्समसारखे काम मात्र हिवाळ्यात किंवा फार तर एप्रिलपर्यंत उरकावे, मग त्यासाठी काही दिवसांचा धंदा बुडाला तरी चालेल. बोट भरतीच्या वेळी दुसऱ्या बोटीने ओढत न्यावी लागते, कारण ओहोटीला शेडसमोर चिखल उघडा पडतो. मशीन उतरवण्यासाठी आपला मेकॅनिक सोबत नेलेला बरा. वर्कशॉपमध्ये फक्त फायबरचे काम होते. निम्मी रक्कम आधी द्यावी लागते, आणि हमी तोंडी सांगितली जाते, पण मागितल्यास बिलाच्या मागे लिहून सही करून देतात. आम्ही ती लिहून घेतली आहे.

बोट पाण्यात उतरल्यानंतर काही फेऱ्या झाल्या की बोल्ट पुन्हा एकदा आवळावे लागतात. त्यासाठी काका स्वतः वर्सोव्याला आले, मशीन उचलून खालचा भाग दाबून पाहिला, आतून ट्रान्सम पुन्हा ठोकून पाहिला, आणि या फेरीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.