मेनिंगा की बेलमी? शिट्टी गळ्यात अडकवण्याआधी

खेळणं संपलं, आता शिकवायचं, असं ठरवत असलेले कबड्डीतले मित्र भेटले की मला ऑस्ट्रेलियातले दोघे आठवतात. त्यांचा खेळ रग्बी लीग. तेरा-तेरा जणांचा, सहाव्यांदा पकडले गेलात की चेंडू समोरच्यांच्या हवाली. पकडीवर उभा असलेला खेळ, त्यामुळे आपल्याला तसा परका नाही.

माल मेनिंगा आणि क्रेग बेलमी. १९८६ ते १९९२ दोघेही कॅनबेरा रेडर्स या क्लबकडे होते.

खेळाडू म्हणून तुलना करण्यात अर्थ नाही. मेनिंगा ऑस्ट्रेलियाकडून ४६ कसोटी सामने खेळला आणि कॅनबेराच्या १९८९, १९९० आणि १९९४ अशा तिन्ही विजेतेपदांचा कर्णधार तोच. वीस वर्षं पूर्ण झाली त्याच दिवशी, ८ जुलै १९८०ला, तो पहिल्या स्टेट ऑफ ओरिजिन सामन्यात (क्वीन्सलंड आणि न्यू साउथ वेल्स या दोन राज्यांची दरवर्षीची लढत) क्वीन्सलंडकडून उतरला आणि सातपैकी सातही किक त्याने गोलात घातल्या. बेलमी अकरा हंगाम इमानेइतबारे एकाच क्लबकडून खेळला, पण देशाकडून नाही की ओरिजिनमध्येही नाही.

पुढे मात्र वाटा उलट्या झाल्या. १९९४ला निवृत्त झालेला मेनिंगा १९९७मध्ये थेट कॅनबेराचाच मुख्य प्रशिक्षक झाला. नाव मोठं, माणसं ओळखीची, घरचं मैदान. पाच हंगामांत विजेतेपद एकही नाही. २००१ला ते सोडून त्याने राजकारणात उतरायचं ठरवलं आणि उमेदवारीच्या पहिल्याच रेडिओ मुलाखतीत, मिनिटही झालं नसेल, माफी मागून माघार घेतली. (मला त्या प्रामाणिकपणाचं कौतुकच वाटतं.)

बेलमीने ब्रिस्बेन ब्रॉन्कोजमध्ये वेन बेनेट यांच्या हाताखाली काही वर्षं सहायक म्हणून काढली. २००२मध्ये बेनेट आणि संघातले ओरिजिनचे खेळाडू राज्याच्या कामाला गेले, तेव्हा पोरासोरांचा संघ घेऊन त्याने वेस्ट्स टायगर्सना २८-१४ असं हरवलं. २००३मध्ये मेलबर्न स्टॉर्म हा क्लब त्याच्याकडे आला आणि अजूनही त्याच्याकडेच आहे. चिडला की काचेच्या केबिनमधली त्याची आदळआपट टीव्हीवर अख्खा देश बघतो, पण त्याच्याकडे येऊन साधे खेळाडू सुधारतात, हेही सगळ्यांना माहीत आहे.

इथवर वाचून बेलमीचा रस्ता धरावा असं वाटेल. थांबा. २००६मध्ये मेनिंगाला क्वीन्सलंड मिळालं. दहा वर्षांत दहा मालिका, त्यातल्या नऊ जिंकल्या, पहिल्या आठ तर सलग. २००८ ते २०१० समोरच्या न्यू साउथ वेल्सचा प्रशिक्षक कोण? बेलमी. तिन्ही मालिका हरला, शेवटची ०-३. आणि त्याला हरवणाऱ्यांत कॅमरन स्मिथ, बिली स्लेटर, ग्रेग इंग्लिस होते, म्हणजे मेलबर्नमध्ये त्यानेच घडवलेली मुलं. आठवडाभर ज्यांना पकड शिकवायची, बुधवारी रात्री त्यांनीच तुम्हाला लोळवायचं!

माझ्या मते सगळं इथेच उलगडतं. ओरिजिन म्हणजे वर्षाला तीन सामने. तिथे कोणाला काही नव्याने शिकवायला वेळच नसतो; तयार, मानी खेळाडूंना एकत्र बांधायचं असतं. मेनिंगा खोलीत आला की क्वीन्सलंडच्या मुलांना वेगळं भाषण लागत नसे. क्लबमध्ये मात्र तीच पकड मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी घोटून घ्यावी लागते, आणि तिथे जुनी कीर्ती दोन आठवड्यांत विरते.

रोजच्या क्लबची किंमतही मोजून घ्या. २०१०मध्ये स्टॉर्मने खेळाडूंच्या एकूण पगाराची ठरलेली मर्यादा मोडल्याचं उघड झालं, २००७ आणि २००९ची विजेतेपदं काढून घेतली गेली आणि उरलेला हंगाम संघ गुणांशिवाय खेळला. जिंकलं तरी शून्य. अशा ड्रेसिंग रूममध्ये सकाळी जाऊन काय बोलायचं, ते कुठल्या शिबिरात शिकवत नाहीत. बेलमी टिकला, २०१२, २०१७ आणि २०२०मध्ये पुन्हा जिंकला. २०२४ आणि २०२५चे अंतिम सामने मात्र हरला.

तेव्हा, नाव मोठं असेल आणि राज्याच्या निवड संघाचं बोलावणं असेल, तर मेनिंगाची दुसरी इनिंग बघा, पहिली नाही. नाव बेताचं असेल तर आधी चार वर्षं कोणाच्या तरी मागे वही घेऊन उभे राहा. दोन्ही नसेल आणि नुसती हौस असेल, तर शाळेचा संघ घ्या. ते काम कमी नाही.

एक गोष्ट अजून लागायची आहे. क्वीन्सलंडनंतर ऑस्ट्रेलियाला दोन विश्वचषक जिंकून देणाऱ्या मेनिंगाने आता २०२७ला लीगमध्ये येणाऱ्या पर्थ बेअर्स या नव्या संघाचं प्रशिक्षकपद घेतलंय. २००१नंतर पहिल्यांदाच रोजचा क्लब, तोही शून्यातून उभा करायचा. हंगाम सुरू होईल तेव्हा तो सहासष्ट वर्षांचा असेल.