डेंग्यूच्या लाईन लिस्टवर आठ महिने ऑरेंज: वापरानंतरचा अनुभव

जून ते जानेवारी, म्हणजे डेंग्यूचा अख्खा हंगाम, ऑरेंज हे डेटा मायनिंगचं सॉफ्टवेअर वापरलं. स्लोव्हेनियातल्या लुब्लियाना विद्यापीठात तयार झालेलं, पूर्ण मोफत. कोड लिहावा लागत नाही. आयकॉन मांडायचे आणि रेघा ओढून जोडायचे. मी हिवताप विभागात कंटेनर सर्वेच्या (घरोघरी साठवलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या शोधण्याच्या) नोंदी ठेवतो, एक्सेलपलीकडे काही शिकलेलो नाही. तरी जमलं.

पहिला दीड महिना ऑरेंज उघडण्याआधीच्या कामात गेला. लाईन लिस्टमध्ये, म्हणजे दर रुग्णाला एक ओळ अशा यादीत, एकच वस्ती चार तऱ्हांनी लिहिलेली. तारीख रिपोर्ट आल्याची, ताप कधी आला तो रकाना बहुतेक ठिकाणी रिकामा. डास चावल्यावर ताप यायला ४ ते १० दिवस लागतात, त्यावर तपासणीचे दिवस चढतात. रिपोर्टच्या तारखेवरून पावसाशी मेळ घालायला गेलं की सगळंच पुढे सरकतं. आशाताईंना फोन करकरून एकेक तारीख मिळवली. रुग्णांची नावं मात्र आधीच काढून टाकली. तेवढं प्रत्येकाने करायलाच हवं.

मग एका वस्तीचा एक आठवडा म्हणजे एक ओळ, असा तक्ता करून त्या आठवड्यात रुग्ण निघेल का हे सांगायला 'ट्री' (एकामागून एक प्रश्न विचारत अंदाज बांधणारं झाड) जोडला. अचूकता नव्वदीच्या वर! दोन दिवस मी खुशीत होतो. 'कन्फ्युजन मॅट्रिक्स' (अंदाज आणि प्रत्यक्ष यांची तुलना करणारा तक्ता) उघडलं तेव्हा कळलं, झाडाने जवळपास सगळीकडे 'रुग्ण नाही' असं सांगून गुण मिळवले होते. बहुतेक वस्त्यांत बहुतेक आठवडे रुग्ण नसतोच. म्हणून नवीन वापरणाऱ्यांना कळकळीने सांगतो: अचूकतेचा आकडा सोडा, खरे रुग्ण निघालेल्या आठवड्यांपैकी किती पकडले ते बघा. आणि झाडाची परीक्षा त्याने न पाहिलेल्या पुढच्या आठवड्यांवर घ्या. आठवड्यांची सरमिसळ केली तर झाड उद्याचं पाहून कालचं सांगतं.

पाऊसही त्याच आठवड्याचा धरून चालत नाही. अंड्याचा डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस, डासाच्या अंगात विषाणू वाढायला ८ ते १२, वर तापाचे ४ ते १०. मी तीन, चार आणि पाच आठवड्यांपूर्वीच्या पावसाचे वेगळे रकाने केले, तेव्हा कुठे झाडाला अर्थ आला.

तरी आमच्या झाडाच्या शेंड्यावर, म्हणजे पहिल्या प्रश्नात, पाऊस आलाच नाही. आलं ते 'पाणी किती दिवसांआड येतं'. पाहून गप्पच झालो. जिथे नळ उशिरा येतो तिथे रांजण, पिंपं, सिमेंटच्या टाक्या भरून ठेवाव्या लागतात, आणि एडिसला (डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला) हवं ते असंच साठवलेलं स्वच्छ पाणी. लोकांना हलगर्जी म्हणणं मी त्या दिवसापासून सोडलं. भांडं नुसतं रिकामं करूनही भागत नाही. कडेला चिकटलेली अंडी कोरडी राहूनही महिनोन् महिने जगतात, घासावंच लागतं.

सप्टेंबरपासून सर्वेची फेरी झाडाने जास्त धोका दाखवलेल्या वस्त्या आधी, या क्रमाने लावली. सिंगापूरचा एक नियमही उचलला: १५० मीटरच्या आत, १४ दिवसांत दोन रुग्ण दिसले की तो क्लस्टर. तिथे धूरफवारणीची वाट न पाहता आधी टाक्या तपासायच्या, अबेट (अळीनाशक औषध) टाकायचं, मोठ्या टाक्यांत गप्पी मासे सोडायचे. रुग्ण यामुळेच घटले असं एका हंगामावरून म्हणणार नाही. पण अळ्या सापडलेली घरं पहिल्या दोन दिवसांतच हाती लागायला लागली, पूर्वी आठवडा जायचा.

पुढच्या जूनआधी पाणीपुरवठ्याचं वेळापत्रक वस्तीनिहाय मिळावं म्हणून अर्ज दिला आहे. यंदा ते मी घरोघरी विचारून भरलं होतं.