तीन बाजूंचा टूथब्रश : दुसऱ्याचे दात घासणाऱ्यांसाठी

माझ्या धाकट्या भावाला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा राहत नाही. तिशी उलटली, पण ब्रश त्याच्या हातात ठरत नाही, म्हणून दात मी घासते. ब्रश तोंडात गेला की त्याचा जबडा आवळतो आणि जिभेकडची बाजू दरवेळी राहून जायची. त्यात फिट्ससाठी फेनिटॉइन चालू. या औषधाने हिरड्या वाढून दातांवर चढतात, आणि दातांवर थर साचला की आणखीच सुजतात. म्हणून हा ब्रश मागवला.

याचे केस तीन बाजूंना आहेत. दातावर बसवला की बाहेरची, आतली आणि चावायची बाजू एकदम घासली जाते. एका वेळी दोन-तीन दात धरायचे, हलकेच मागे-पुढे करायचं, मग पुढे सरकायचं. भाऊ तोंड उघडं ठेवतो तो वेळ फारच थोडा, आणि तेवढ्यात आता तिन्ही बाजू होतात. आतल्या हिरड्यांतून येणारं रक्त बरंच कमी झालंय. एवढ्यासाठीच मी हा ब्रश पुन्हा घेईन.

मात्र साधा ब्रश टाकून देऊ नका. खालचे पुढचे दात एकमेकांवर चढलेले असतील तर तिथे हा बसतच नाही. मी तिथे लहान मुलांचा मऊ ब्रश वापरते. शेवटच्या दाढेची मागची बाजूही राहते, आणि दातांच्या फटी याने साफ होत नाहीत. भाऊ ब्रश चावतो, त्यामुळे केस लवकर फाकतात. मूठ तर फारच बारीक आहे. पकड कमजोर असूनही स्वतः घासू शकणारी कितीतरी माणसं आहेत, त्यांचा विचार व्हायलाच हवा होता.

पाकिटावरच्या चित्रात घासणारी व्यक्ती समोर उभी आहे. आमच्याकडे तसं केलं की त्याची मान मागे जाते आणि लाळ घशात उतरून ठसका लागतो. त्याला बसवून मी मागे उभी राहते, डोकं माझ्या अंगाला टेकवते, हनुवटी किंचित खाली. त्याला थुंकता येत नाही, म्हणून पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच, पण फ्लोराइडची : १००० ते १५०० पीपीएम असं नळीवर लिहिलेलं बघून घेते. फेस न होणारी मिळाली तर उत्तम, तोंडात काय चाललंय ते दिसतं. गोड सिरप द्यायचं असेल तर ते घासण्याआधी.

एकच मदतनीस अनेकांचे दात घासतो अशा निवासी संस्थांत हा ब्रश सगळ्यांत जास्त उपयोगी पडेल. प्रत्येकाचा वेगळा, नाव घातलेला. मदतनीसाला एकदा दंतवैद्याकडून हाताला धरून शिकवून घ्यावं. हिरड्या आधीच सुजलेल्या असतील तर पहिल्यांदा दंतवैद्याकडून दात साफ करून घ्या, आणि मागवताना ब्रशच्या डोक्याचं माप बघा. माझ्या भावाला लहान मापाचाच बसला.