मास्क: सक्ती की समजावणी?

साथीच्या काळात लोकांनी मास्क वापरावा यासाठी शासनापुढे दोन मार्ग असतात: दंडासह सक्ती करणे किंवा मास्क हाती देऊन समजावणे. सक्तीचा परिणाम लवकर दिसतो आणि नियम सर्वांना सारखा असल्याने दुकानदाराला प्रत्येक गिऱ्हाइकाशी हुज्जत घालावी लागत नाही, ही तिची मोठी जमेची बाजू आहे. परंतु तिच्यामुळे मास्क पुष्कळदा आरोग्याचे साधन न राहता गटाची खूण बनतो. सॅन फ्रान्सिस्कोत 1918च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत सक्ती झाली. जानेवारी 1919मध्ये ती पुन्हा लागू झाली तेव्हा तिच्याविरुद्ध ‘अँटी-मास्क लीग’ उभी राहिली. दंडाच्या धाकाने घातलेला मास्क तपासनीस दिसताच हनुवटीवरून नाकावर चढतो आणि त्याची पाठ फिरताच खाली उतरतो, हे कोविडच्या काळात आपण सर्वांनी पाहिले आहे.

समजावणीला वेळ, माणसे आणि चिकाटी लागते. बांगलादेशात सुमारे 600 गावांत झालेल्या चाचणीत निम्म्या गावांमध्ये मोफत मास्क घरोघरी वाटले गेले, गावातील पुढारी व धर्मगुरू यांनी त्याचा पुरस्कार केला आणि उघड्या तोंडाने फिरणाऱ्यांना वाटेतच आठवण करून दिली गेली. जिथे हे केले नव्हते त्या गावांत योग्य वापर सुमारे 13 टक्के होता, तर जिथे केले तिथे तो सुमारे 42 टक्क्यांवर गेला. अर्थात निम्म्याहून अधिक लोकांनी तरीही मास्क योग्य रीतीने वापरला नाही, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. म्हणूनच रुग्णालयात आणि बंदिस्त वाहनात, जिथे आजारी माणसाला दूर सरकण्याची सोय नसते, तिथे मी सक्तीच्या बाजूने आहे. मोकळ्या रस्त्यावर मात्र समजावणीच मला अधिक योग्य वाटते.