बाळाचे जुलाब थांबेनात: पुडी, मीठ-साखरेचं पाणी की दवाखाना?

दीड वर्षाच्या लेकीचे जुलाब पाचव्या दिवशीही थांबेनात, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "दात येतायत, जायफळ उगाळून दे." मी मेडिकलमधून फळांच्या चवीचं तयार पेय आणलं. वर ठळक अक्षरांत ओआरएस (जुलाबात गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढणारं द्रावण) लिहिलेलं. ती गटागट प्यायली आणि शी आणखीच पातळ झाली. साखर जास्त झाली की आतड्यात उलट पाणी ओढलं जातं, हे मला नंतर कळलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांच्या नावात ओआरएस वापरायला बंदी केली, फार बरं झालं.

खरी निवड ओआरएसची पुडी की घरचं मीठ-साखरेचं पाणी, एवढीच. माझं मत पुडीला. 'डब्ल्यूएचओ फॉर्म्युला' लिहिलेली मोठी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सगळी एकदम टाकायची, उरलेलं पाणी २४ तासांनी ओतून द्यायचं. तिच्यात पोटॅशियम असतं, मीठ-साखरेत ते नसतं, आणि जुलाब लांबले की शरीरातलं तेच घटत जातं. रात्री दोन वाजता पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. आधी स्वतः चाखा: अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्या.

पाजायचं वाटी-चमच्याने, मिनिटाला एक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. अंगावरचं दूध, मऊ भात, मुगाचं वरण चालूच ठेवा. उपाशी ठेवू नका. सोबत डॉक्टरांना विचारून झिंक (जस्ताचं औषध): सहा महिन्यांपुढच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस, जुलाब थांबले तरी. पुड्या आणि झिंक आशाताईंकडे फुकट मिळतात.

मागच्या आजारपणातलं उरलेलं अँटिबायोटिक देऊ नका, बहुतेक जुलाब विषाणूंचे असतात. जुलाब बांधणारी गोळी तर लहान मुलांना नाहीच.

शीमध्ये रक्त, खोल गेलेले डोळे, रडताना पाणी नाही, सहा-आठ तास लघवी नाही, बाळ सुस्त किंवा पीतच नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश बसते: यातलं एकही दिसलं तर तडक दवाखाना. सहा महिन्यांखालच्या बाळासाठी तर पहिल्याच दिवशी. आणि १४ दिवस उलटले तर घरी काही करून बघण्यात अर्थ नाही, शी तपासायलाच हवी. आमच्या लेकीला जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी निघाला. जायफळ आणि मीठ-साखर, दोन्हींच्या आवाक्याबाहेरचा.