फिरत्या लॅपटॉपवर व्हीएमला इंटरनेट: ब्रिज की नॅट?

मी अडत दुकानांसाठी पट्टीचं, म्हणजे शेतकऱ्याला मालाच्या विक्रीचा हिशेब लिहून देणाऱ्या कागदाचं, सॉफ्टवेअर लिहितो. लॅपटॉपवर कायम दोन व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लॅपटॉपच्या आत चालणारे आभासी संगणक) असतात. एका उबुंटू सर्व्हरवर पोस्टग्रेस हा डेटाबेस आहे आणि दुसरी विंडोज, म्हणजे दुकानातल्या काउंटरवरचं मशीन समजा. लॅपटॉप सकाळी विश्रामबागेत घरी, दुपारी सांगलीच्या मार्केट यार्डात, बेदाण्याच्या हंगामात तासगावला, आणि लाईट गेली की जिथे असेल तिथे फोनच्या हॉटस्पॉटवर. व्हीएम चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्स या प्रोग्रॅममध्ये नेटवर्कचा प्रकार निवडायची वेळ आली की बहुतेकांचं बोट ‘नॅट’ आणि ‘ब्रिज्ड’ या दोन नावांमध्ये अडतं. मी दोन वर्षं ब्रिजवर काढली आणि मग नॅटकडे आलो. माझं मत त्या फिरतीतून बनलेलं आहे. तुमचा लॅपटॉप टेबलावरून हलतच नसेल तर ते तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

सुरुवातीला मला ब्रिज आवडला, आणि तो आवडण्यासारखाच आहे. व्हीएम थेट राउटरकडून पत्ता घेते, घरातल्या इतर यंत्रांच्या रांगेत जाऊन बसते. फोनवरून पट्टीचं पान उघडून बघायचं असेल तर ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की झालं. नॅटमध्ये हे असं सरळ होत नाही. तिथे व्हीएम लॅपटॉपच्या आडोशाला असते. तिला 10.0.2.15 हा पत्ता मिळतो, 10.0.2.2 हा तिचा दरवाजा, आणि त्या दरवाजातून ती बाहेर जाते. बाहेरून आत मात्र कुणी येऊ शकत नाही, खुद्द लॅपटॉपसुद्धा नाही. दुसऱ्या व्हीएमलाही अगदी हाच 10.0.2.15 मिळतो, पण दोघींना एकमेकींचा पत्ताच नसतो. आत जायचं तर पोर्ट फॉरवर्डिंग करावं लागतं, म्हणजे लॅपटॉपचं 2222 पोर्ट (पोर्ट म्हणजे एकेका सेवेचं क्रमांकाचं दार) व्हीएमच्या 22 ला जोडायचं वगैरे. एका पोर्टपुरतं ठीक आहे, पण डेटाबेस, वेब, एसएसएच (दुरून मशीनवर कमांड चालवायची सोय) असं वाढत गेलं की ती यादी सांभाळणं नकोसं होतं. म्हणूनच मी ब्रिज धरला होता.

माझं मत ज्या दिवशी बदललं तो दिवस हळदीच्या सौद्यांचा होता. घरी मी उबुंटूच्या व्हीएमला 192.168.1.50 असा कायमचा पत्ता देऊन ठेवला होता, कारण डेटाबेसचा पत्ता रोज बदलला तर प्रोग्रॅममध्ये रोज हात घालावा लागतो. यार्डातल्या एका दुकानात नवी आवृत्ती दाखवायला गेलो. त्यांच्या राउटरचे पत्तेही 192.168.1 नेच सुरू होणारे. त्यात नवल काहीच नाही, निम्म्या गावाच्या राउटरवर तेच असतं. लॅपटॉप त्यांच्या वायफायला जोडला, व्हीएम चालू केली, सगळं छान चाललं. थोड्या वेळात काउंटरवरून आवाज आला की पट्ट्या निघेनात. प्रिंटर बंद-चालू केला, केबल काढून लावली, कागद बघितला. शेतकरी रांगेत उभे होते. हमाली-तोलाई वजा होऊन हातात येणाऱ्या त्या कागदासाठी काही जण पहाटे गावातून निघाले होते. पाऊण तास गेला. शेवटी मी लॅपटॉप मिटला आणि प्रिंटर सुरू झाला. त्या प्रिंटरचा पत्ताही 192.168.1.50 होता. एकाच पत्त्यावर दोघं उत्तर देत होते आणि काउंटरवरच्या मशीनची पट्टी माझ्या व्हीएमच्या दारात जाऊन पडत होती.

चूक माझीच होती, ब्रिजची नाही. पण ब्रिज व्हीएमला दुसऱ्याच्या घरात नेऊन बसवतो, आणि तिथे कोण कुठे बसलंय हे मला माहीत नसतं. ज्या माणसाच्या धंद्याच्या तासाला आपण त्याच्या दुकानात बसलोय, त्याच्या नेटवर्कवर आपण एक जादा यंत्र सोडू नये असं मला त्या दिवसापासून ठामपणे वाटतं.

कायमचा पत्ता न देता राउटरवर सोपवलं तर टक्कर टळते, पण मग दर ठिकाणी पत्ता वेगळा. घरी एक, यार्डात दुसरा, आणि फोनचा हॉटस्पॉट तर आपल्या मनाने तिसरेच पत्ते वाटतो. काम चालू असताना लाईट गेली, राउटर बंद पडला, लॅपटॉप हॉटस्पॉटवर घेतला, की उघडी असलेली एसएसएच तुटते आणि विंडोजच्या व्हीएमला डेटाबेस सापडत नाही. दोन्ही व्हीएम एकाच लॅपटॉपच्या पोटात असूनही घरातला राउटर बंद पडला म्हणून त्यांचं बोलणं थांबतं, हे काही मला पटलं नाही.

वायफायची गोष्ट वेगळीच आहे. वायफाय राउटर जोडलेल्या नेटवर्क कार्डाचाच मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा ओळखक्रमांक) ओळखतो; त्याच कार्डामागून दुसऱ्या मॅक पत्त्याची यंत्रं आली तर त्यांना दाद देत नाही. व्हर्च्युअलबॉक्स जाता-येता मॅक पत्ता बदलून हे निभावतं, आणि बहुतेक वेळा निभतंही. लिनक्स लॅपटॉपवर केव्हीएम (लिनक्समधली व्हीएम चालवायची सोय) वापरत असाल तर मात्र वायफायचं कार्ड ब्रिजमध्ये टाकायला गेलात की ते सहसा सरळ नकारच देतं.

तर आता माझी मांडणी अशी आहे. प्रत्येक व्हीएमला दोन आभासी नेटवर्क कार्डं. पहिलं नॅट, फक्त इंटरनेटसाठी. दुसरं होस्ट-ओन्ली, लॅपटॉप आणि व्हीएम यांच्या आपसांतल्या बोलण्यासाठी. होस्ट-ओन्लीवर लॅपटॉप 192.168.56.1 असतो, आणि तिथला डीएचसीपी, म्हणजे आपोआप पत्ते वाटणारी सोय, शेवटचा आकडा 101 पासून पुढचे पत्ते वाटतो. म्हणून मी उबुंटूला 192.168.56.10 आणि विंडोजला 192.168.56.11 कायमचे दिलेत. हे पत्ते लॅपटॉपच्या बाहेर कुणाला दिसत नाहीत. यार्ड असो, तासगाव असो की हॉटस्पॉट, डेटाबेस आपला 56.10 वरच. नेट पूर्ण गेलं तरी दोन्ही व्हीएम एकमेकींशी बोलतात, आणि दुकानात नेट नसतानाही मी काम दाखवू शकतो.

दोन-तीन ठिकाणी अडखळायला होतं. दुसरं कार्ड नंतर जोडलं असेल तर उबुंटू सर्व्हर त्याला आपोआप पत्ता देत नाही. नेटप्लॅनच्या (उबुंटूच्या नेटवर्क मांडणीच्या) फाइलमध्ये सहसा enp0s8 या नावाने ते कार्ड हाताने लिहावं लागतं. तिथे गेटवे, म्हणजे बाहेर जायचा दरवाजा, लिहायचा नाही. मी एकदा लिहिला आणि व्हीएमचं इंटरनेटच गेलं, कारण बाहेरचा रस्ता ती त्या बंद गल्लीत शोधत होती. विंडोज या जाळ्याला अनोळखी समजून पब्लिकमध्ये टाकतं आणि पिंगला उत्तर देत नाही. फायरवॉलमध्ये तेवढी परवानगी द्यावी लागते. घरून हॉटस्पॉटवर आल्यावर आकड्याचा पत्ता चालतो पण नावाने काहीच उघडत नाही, असं मला काही वेळा झालं. व्हीएममध्ये जुन्या जागेचा डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर, अडकलेला असतो. व्हीबॉक्समॅनेज या व्हर्च्युअलबॉक्सच्या कमांडने नॅटचा डीएनएस प्रॉक्सी (व्हीएमचे नावांचे प्रश्न लॅपटॉपमार्फत विचारणारा मध्यस्थ) चालू केल्यापासून ते पुन्हा आलं नाही.

वेगाबद्दल नेहमी विचारलं जातं. नॅट थोडं हळू असतं म्हणतात आणि असेलही. मी घड्याळ लावून मोजलेलं नाही. उबुंटूची अपडेट उतरवताना मला तरी फरक जाणवला नाही. इथे अडणारी जागा हॉटस्पॉटची रेंज असते. ट्रेसराउटसारखी, म्हणजे नेटवर्कचा रस्ता तपासणारी, हत्यारं व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅटमधून धड चालत नाहीत, तेव्हा नेटवर्किंग शिकायलाच व्हीएम बसवत असाल तर हा मुद्दा मोठा आहे.

व्हीएमवेअर किंवा लिनक्सवरचं केव्हीएम वापरणाऱ्यांना ही दोन कार्डांची खटपट नाही. त्यांच्या नॅटमध्ये लॅपटॉपला व्हीएमपर्यंत जाता येतं. विंडोजमधल्या हायपर-व्हीच्या डीफॉल्ट स्विचमध्येही जाता येतं, पण लॅपटॉप रीस्टार्ट केला की तिथले पत्ते बदलू शकतात, म्हणजे माझं जुनं दुखणं परत येतं.

ब्रिज मी सोडून दिलेला नाही. दुकानात चार काउंटर एकदम जोडून बघायचे असतील किंवा वर्गातल्या मुलांना एकाच व्हीएमवर यायचं असेल, तर ब्रिजच हवा, आणि शक्यतो केबलवर. त्यासाठी उबुंटूला तिसरं ब्रिजचं कार्ड दिलंय, त्यावर पत्ता राउटरकडूनच घ्यायचा आणि बाहेरचा रस्ता मात्र घ्यायचा नाही असं नेटप्लॅनमध्ये लिहिलंय. व्हर्च्युअलबॉक्समध्ये त्या कार्डाची ‘केबल कनेक्टेड’ची टिक एरवी काढलेली असते. दुकानदाराला विचारून, प्रिंटरचा पत्ता बघून, मगच ती लावतो. आणि निघताना काढतो.